अर्धा तास कुणाचा?

‘रोज अर्धा तास चाला, हाताचे व्यायाम करा, झेपतील तेवढी आसने करा.’ स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हा सल्ला मिळतो. सल्ला योग्यच आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो, हाताला सूज येऊ शकते. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे, खांदे फिरवणे, सावकाश श्वसन यांनी हात हळूहळू मोकळा होतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने ८५० स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. नेहमीचे व्यायाम दोन्ही गटांना होते, एका गटाला जोडीला योगही होता. त्या गटात थकवा आणि वेदना कमी आढळल्या.

आम्हां पार्लेकरणींना शिकायला लांब जायला नको. १९१८ साली स्थापन झालेली योग संस्था शेजारी सांताक्रूझलाच आहे. प्रश्न आहे तो अर्ध्या तासाचा. केमोथेरपी घेऊन लोकलने परतलेली बाई संध्याकाळी कुकर लावतेच. वर घरचे म्हणतात, ‘दिवसभर हालचाल होतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हे मला साफ अमान्य आहे. व्यायाम बेताबेताने वाढवता येतो, दम लागला की थांबवता येतो. पोळ्या लाटताना हात थांबला तर ताटे रिकामी राहतात.

आणि नेहरूनगरातून चार घरची धुणीभांडी करायला येणारी बाई? घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. तरी तिची आजारपणातली भरपगारी रजा मालकिणीच्या मर्जीवरच आहे. ही मालकीण पुष्कळदा आपल्यातलीच असते.

आणखी एक धोका आहे. ‘नियमित योग केला असतास तर दुखणे उलटले नसते,’ असे बोल बाईला लावले जातात. योग औषधोपचाराची जागा घेत नाही, आणि तो जमला नाही म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच: व्यायामाचा सल्ला देताना डॉक्टरांनी नवऱ्याला, मुलांनाही समोर बसवावे आणि त्या वेळात स्वयंपाक कोण करणार, हे तिथेच विचारावे. आपल्या गटांनी आठवड्यातून दोन सकाळी एखादी खोली मिळवावी. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईची रजा, पगारासकट, आपण आजच ठरवावी.