एका शब्दाचे मोल

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत कुरआन ऐकले जाते. त्यातील ‘माइदा’ या पाचव्या सुऱ्यात आदमच्या दोन मुलांची, हाबील आणि काबील यांची गोष्ट येते. भावाने भावाला मारले. लगेच पुढे बनी इस्राईलला दिलेल्या हुकमाचा उल्लेख आहे: निरपराध जिवाची हत्या ही जणू साऱ्या मानवजातीची हत्या, आणि एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्यांना वाचवणे.

ज्यू परंपरेत हाच विचार एका शब्दाशी जोडलेला आहे. तौरातमधील त्याच गोष्टीत ‘रक्त’ हा हिब्रू शब्द अनेकवचनी आला आहे. ज्यू धर्मपंडित, म्हणजे रब्बी, तिथे थांबले. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त त्याचा अर्थ दिला आहे: मेलेल्याबरोबर त्याच्या न जन्मलेल्या वंशजांचेही रक्त सांडते. म्हणून देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला आधी हे ऐकवायचे, असा नियम झाला. मराठीत ‘रक्त’ एकवचनीच वापरतात. भाषांतरात ही खूण दिसतही नाही.

हे वाचन मुळशीपासून फार दूरचे नाही. ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. तिथले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. याच समाजासाठी 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी ‘हग्गादा’ छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायचे हे पुस्तक. मिसरमधून झालेली सुटका आयुष्याचे सर्व दिवस आठवावी, या आज्ञेची चर्चा हग्गादात येते. बेन झोमा विचारतात, नुसते ‘दिवस’ पुरे होते, मग ‘सर्व’ कशाला? तर रात्रीही आठवावी म्हणून. इतर पंडितांच्या मते ‘सर्व’मध्ये मसीहाचा काळही येतो. दोन्ही मते शेजारी शेजारी ठेवली आहेत.

प्रत्येक जादा शब्दातून नियम काढावा, हेही सर्वांना मान्य नव्हते. रब्बी अकीवांच्या लेखी एकही अक्षर वाया नव्हते. रब्बी इश्माएल म्हणत, तौरात माणसांच्याच भाषेत बोलते, पुनरुक्ती ही बोलण्याची रीत आहे. परंपरेने दोघांनाही जपले.

आज शेजाऱ्याच्या धर्मग्रंथातील अर्धी ओळ मोबाईलवर येते आणि मागचेपुढचे न वाचता पुढे जाते. त्यातून कधी गावात दगड उठतात. जिथे एका अनेकवचनामुळे साक्षीदाराला सावध करण्याची रीत पडली, तिथे ओळ पुढे धाडणाऱ्यानेही थोडे थांबायला हवे. आधी पूर्ण वाचावे, जाणत्याला विचारावे. रोजा संयम शिकवतो. तो बोटांनाही लागू आहे.