‘शिपाई ते गृहमंत्री’च्या मधल्या पायऱ्या

सुशीलकुमार शिंदे म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? खरं सांगा. आपल्या वयाच्या बहुतेकांना लाल चौकाची रील आठवते. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत त्यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन झालं. गृहमंत्री असताना मी श्रीनगरच्या लाल चौकात गेलो, लोकांना वाटलं काय बिनधास्त गृहमंत्री आहे, पण आतून माझी काय अवस्था होती ते कुणाला सांगणार, असं काहीतरी ते हसत हसत बोलून गेले. शब्द जरा जास्तच मोकळे होते. झालं. दिवसभरात ती क्लिप देशभर फिरली, मीम आली आणि पाच दशकांचं राजकारण अर्ध्या मिनिटात गुंडाळलं गेलं.

दुसरी आवृत्ती घरात ऐकायला मिळते. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही ती पाठ असेल. ‘कोर्टात शिपाई होता माणूस, देशाचा गृहमंत्री झाला. आणि तुला साधं सकाळी उठून अभ्यासाला बसायचं होईना.’ माझ्या घरी हे वाक्य दहावीपासून चालू आहे. सत्काराच्या भाषणांमध्येही हेच असतं, फक्त मराठी जरा अलंकारिक असते.

माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही गोष्टी आपल्या काही कामाच्या नाहीत. रील बघून आपण हसतो, शिपायाची गोष्ट ऐकून मान खाली घालतो. मधली पन्नास वर्षं कशी गेली, हे विचारायची वेळच येत नाही. आणि आपल्याला उपयोगी पडेल असं जे काही आहे, ते त्या मधल्या वर्षांतच आहे.

तर थोडं मागे जाऊ. शिंदेंचा जन्म ४ सप्टेंबर १९४१चा, सोलापुरातलाच. घर दलित समाजातलं आणि गरीब. लहान वयातच सोलापूरच्या कोर्टात शिपाई म्हणून लागले. दिवसा काम आणि रात्री शाळा. पुढे दयानंद कॉलेजातून पदवी, मग कायद्याचं शिक्षण. १९६५च्या सुमारास पोलिस सब-इन्स्पेक्टर झाले, सीआयडीत काम केलं. इथं जरा थांबा. ज्या पीएसआय पदासाठी आपल्याकडची पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहून पाच-पाच, सहा-सहा वर्षं घालवतात, ते पद या माणसाने १९७१ला सोडलं! शरद पवारांनी राजकारणात यायला सांगितलं म्हणून. बरं, सोडल्यावर लगेच काही मिळालं असंही नाही. १९७२ला विधानसभेचं तिकीट हुकलं. नोकरीही नाही आणि आमदारकीही नाही. १९७४ला करमाळ्याची पोटनिवडणूक लागली, तेव्हा ते निवडून आले आणि मंत्रीही झाले.

घरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत या माणसाची जिद्द असते आणि ती खोटी नाही. पण जिद्दीला पाय ठेवायला काहीतरी लागतं. कोर्टातलं शिपाईपद कायमचं होतं, पगार ठरलेला होता. गावात रात्रशाळा होती. परवडेल असं कॉलेज होतं. नोकरी करत करत शिकून खात्यात वर जायची सोय होती. राखीव जागा होत्या, त्या बाबासाहेबांनी घटनेत लिहून ठेवल्या होत्या. आणि पक्षालाही तेव्हा असा तरुण हवा होता. यातलं एक जरी नसतं तरी तोच हुशार मुलगा कदाचित त्याच कोर्टातून शिपाई म्हणून निवृत्त झाला असता. मग त्याच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नसतं आणि आपल्याला कुणी त्याचे टोमणे मारले नसते.

राखीव जागांचा विषय निघाला की कट्ट्यावर लगेच आवाज चढतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. सोलापूरचा लोकसभा मतदारसंघ राखीव झाला तो २००८च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९च्या निवडणुकीपासून. १९९८ आणि १९९९ला शिंदे इथून खासदार झाले, तेव्हा ही जागा खुली होती. लिंगायत, मराठा, पद्मशाली, मुस्लिम, धनगर असा सगळा मिळून बनलेला हा मतदारसंघ, आणि त्याने खुल्या जागेवरून दोनदा एका दलित उमेदवाराला दिल्लीला पाठवलं. आपल्या शहराबद्दल अभिमानाने सांगावं असं हे आहे, पण हे कुणी सांगत नाही. आपण चादर आणि शेंगाचटणी सांगतो.

याच १९९९ला पवारांनी वेगळी चूल मांडली. ज्यांनी राजकारणात आणलं त्यांच्यामागे न जाता शिंदे काँग्रेसमध्येच राहिले. त्या निष्ठेने त्यांना बरंच दिलं, आणि जे दिलं ते बहुतेक वेळा कुणाची तरी अडचण सोडवण्यासाठी दिलं, असं माझं मत आहे. २००२ला उपराष्ट्रपतिपदाची उमेदवारी दिली, जिंकण्याइतकी मतं नसताना. भैरोंसिंह शेखावतांना ४५४ आणि शिंदेंना ३०५ मतं पडली. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांना पायउतार व्हावं लागलं, तेव्हा शिंदे मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री. २००४ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली आघाडीने जिंकली. मग शपथ कुणी घेतली? विलासरावांनी! शिंदेंना राज्यपाल म्हणून हैदराबादला पाठवलं. जिंकून दिलेल्या कॅप्टनला पुढच्या मॅचला पॅव्हेलियनमध्ये बसवावं तसं. ते काही बोलले नाहीत. गप्प राहिले म्हणून पुढे केंद्रात ऊर्जामंत्री आणि गृहमंत्री झाले, असंही म्हणता येईल. पण त्या दिवशी भांडले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला जास्त छळतो.

आता कामाकडे या. तुमच्या मार्कलिस्टवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, ते १ ऑगस्ट २००४ला सुरू झालं. तेव्हा मुख्यमंत्री शिंदे होते. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. एका कागदासाठी कोल्हापूरपर्यंतची फेरी काय असते, ते तुमच्या काका-मावशीला विचारा. एका जिल्ह्यासाठी आख्खं विद्यापीठ, ही चैन राज्यात दुसऱ्यांना सहज मिळाली नाही. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. मास कॉमची डिग्री मला याच शहरात राहून करता आली, याचं थोडं श्रेय मी कुणाला तरी देणं लागते.

दुसरं काम दिसत नाही, कारण ते तारांमधून वाहतं. दक्षिणेतल्या राज्यांचं वीजजाळं पूर्वी बाकी देशाशी एकतालात चालत नव्हतं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि पहिल्यांदाच देशभरातलं वीजजाळं एका फ्रिक्वेन्सीवर आलं. तो सांधा आपल्या जिल्ह्यात जुळला! तेव्हा शिंदे गृहमंत्री झाले होते, पण त्याआधी साडेसहा वर्षं ऊर्जा खातं त्यांच्याकडे होतं. दक्षिण सोलापुरातला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्पही त्याच काळात मार्गी लागला.

पण त्याच खात्याची दुसरी बाजू बघा. ३० जुलै २०१२ला उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येचीही गेली. साठ कोटींहून जास्त लोक राहतात त्या भागात वीज नव्हती, रेल्वे जागच्या जागी थांबल्या. आणि त्याच ३१ जुलैला ऊर्जामंत्र्यांना बढती मिळाली, ते गृहमंत्री झाले. खातेबदल आधीच ठरला असेल, मान्य. तरी आपल्यापैकी कुणी प्रॅक्टिकलला लॅबमधला फ्यूज उडवला असता तर त्याच दिवशी त्याला क्लास रिप्रेझेंटेटिव्ह केलं असतं का? मुख्यमंत्री असताना शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली, निवडणूक झाली आणि पुढच्या सरकारने वर्षभरात ती बंद केली. तेलंगणाचं विधेयक मांडताना लोकसभेत मिरपूड स्प्रे उडाला, तेव्हाही गृहमंत्री शिंदेच होते. खूप काही त्यांच्या हातून गेलं आहे. त्यातलं किती त्यांचं आणि किती वरून आलेलं, हे वेगळं काढणं अवघड आहे. अवघड आहे म्हणून आपण ‘शिपाई ते गृहमंत्री’ म्हणून मोकळे होतो.

आणि मग शहराचा प्रश्न येतोच. राज्याचं आणि केंद्राचं एवढं मोठं पद घरात येऊन गेलं, तरी सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. गिरण्यांच्या जागी पोरांना थांबवेल असं काही उभं राहिलं नाही. डिग्री घ्यायची आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचं, ही आपली ठरलेली वाट. याचा सगळा दोष एका माणसावर टाकणं चूक आहे. २०१४ला आपण शिंदेंना पाडलं, २०१९ला परत पाडलं, दहा वर्षं दुसऱ्या पक्षाचे खासदार होते. पाण्याचं वेळापत्रक काही बदललं नाही. पण ‘आपला माणूस’ म्हणून ज्याला मत दिलं, त्याला या गोष्टी विचारायला आपण लाजलो, हेही खरं आहे. गरिबीतून वर आलेल्या माणसाला हिशेब विचारणं आपल्याला कृतघ्नपणा वाटतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा घ्या. जन्म १९४२चा, शिंदेंपेक्षा काही महिन्यांनी लहान. वडील लहानपणीच गेले, आई लोकांच्या घरी कामाला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, गुरं राखली. वर्णद्वेषाविरुद्ध लढताना दहा वर्षं रॉबेन बेटावर, मंडेला होते त्याच तुरुंगात. २००९ला राष्ट्राध्यक्ष झाले. गोष्ट इतकी जबरदस्त की तिच्यापुढे हिशेब विचारणारे खुजे वाटायचे. मग आपल्याच सहारनपूरहून तिकडे गेलेल्या गुप्ता बंधूंना सरकारात कशी मोकळीक मिळाली, याची प्रकरणं बाहेर आली. २०१८ला राजीनामा द्यावा लागला. चौकशी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले नाहीत म्हणून २०२१ला कोर्टाने १५ महिन्यांची शिक्षा दिली, तर दंगली पेटल्या आणि साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. तरी २०२४च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला १४ टक्क्यांवर मतं पडली. शिंदे म्हणजे झुमा असं मी म्हणत नाही, दोघांच्या कारभाराची तुलनाच नाही. तिथल्या लोकांनी गोष्टीवर प्रेम केलं आणि प्रश्न विचारायचं राहून गेलं, एवढंच बघा.

आपल्याकडे गोष्ट पुढच्या पिढीत गेली आहे. प्रणिती शिंदे तीनदा शहर मध्यमधून आमदार झाल्या, २०२४ला खासदार झाल्या. निवडणुका त्यांनी स्वतः लढून जिंकल्या, वडील पडले त्याच मतदारसंघात जिंकल्या, हे मान्य करावंच लागतं. पण कोर्टातल्या शिपायाला तिकीट मिळायची जी सोय १९७४ला होती, ती आज कुठल्या पक्षात आहे? कुठल्याही पक्षाच्या बॅनरवरची आडनावं वाचत पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंत चाला, मग सांगा.

आणि पायरी फक्त राजकारणातलीच गेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता. पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. म्हणून कंत्राटी नेमणुका थांबल्या का, तर नाही. तुमच्याच कॉलेजात झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, पगार कॉलेज देतं की ठेकेदार. त्यांच्या मुलाला रात्री शिकायचं असेल तर तो कुठे जाईल, हेही विचारा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची जाहिरात निघाली. त्यात शिपाई आणि हमालाच्या १,२६६. पात्रता सातवी पास. माझ्या ओळखीतल्या दोघांनी त्या शिपाईपदासाठी फॉर्म भरला. एक बीएस्सी आहे, दुसरी एम.कॉम. कोर्टात लागल्यावर पुढे काय करायचं ठरवलंय, असं मी एम.कॉम.वालीला विचारलं. ती म्हणाली, ‘पुढे काय म्हणजे? लागले तर तिथंच राहणार की.’