कपाटातलं आरमार



गेल्या महिन्यात पुतण्या घरी आला होता. माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून त्याने मोबाइलवर दोन-चार किमती पाहिल्या आणि म्हणाला, "काका, खजिना आहे हा! विकून टाका. नंतर आम्हाला काय कळणार यातलं?" नंतर म्हणजे कधी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

माझी बरीचशी नोकरी अलिबाग तालुक्यात झाली. ओहोटी बघून मुलांना कुलाबा किल्ल्यात चालत न्यायचो. दरवर्षी एखादा तरी विचारायचा, "सर, आंग्रे खरंच समुद्री चाचे होते का?" मी ठासून 'नाही' म्हणायचो, पण पुराव्यादाखल सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नव्हतं. आरमाराच्या पुस्तकांचं वेड लागलं ते तेव्हापासून.

वेड महागडं होतं. १९७८ साली मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर लो या इंग्रजाने लिहिलेला कंपनी सरकारच्या आरमाराचा इतिहास दिसला. १८७७ सालचे दोन जाडजूड खंड. दुकानदाराने दीडशे रुपये सांगितले. घरी दोन लहान मुलं, महिनाअखेर. हातात घेतलेले खंड खाली ठेवले. पुढच्या महिन्यात पैसे जमवून गेलो, तर जागा रिकामी. पुढे कितीतरी वर्षांनी जावयांनी परदेशातल्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली. त्याने सांगितलेली किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त होती. तो विषय तिथेच संपला.

आणि मग एके दिवशी नातीने तेच दोन्ही खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट उघडून दिले! बिडल्फचं १९०७ सालचं मलबारच्या चाच्यांवरचं पुस्तकही मिळालं. क्लेमेंट डाउनिंगचं १७३७ सालचंही मिळालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, त्या स्वारीत हा डाउनिंग होता. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शेजारी डिक्शनरी लागतेच. त्यात त्या काळच्या छपाईत 'एस' हे अक्षर 'एफ'सारखं दिसतं. शिडाचं 'सेल' वाचायला जावं तर 'फेल' वाचलं जातं. तरी चिकाटीने वाचलं.

पण गंमत बघा. डाउनिंग काय, बिडल्फ काय, आंग्र्यांना चाचे म्हणणारेच. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले. ते छत्रपतींचे सरखेल होते आणि आपला दस्तक न घेता जाणाऱ्या जहाजांना अडवत होते. इंग्रजांनी स्वतःच्या परवान्याला कायदा म्हटलं आणि आपल्या परवान्याला चाचेगिरी. ही बाजू आपल्याकडच्या अभ्यासकांनी मांडली. ढबूंचं कुलाबकर आंग्र्यांवरचं पुस्तक १९३९ चं, आपट्यांचा मराठा आरमाराचा इंग्रजी इतिहास १९७३ चा. आरोप करणाऱ्यांची पुस्तकं मला घरबसल्या मिळाली, उत्तर देणारं ढबूंचं पुस्तक मिळायला मात्र बारा वर्षं लागली.

ते कसं मिळालं तेही सांगतो. आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांकडे ते होतं. मी किती वेळा मागितलं! "पुस्तक आणि छत्री बाहेर गेली की परत येत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सर गेले. वर्षभराने रद्दीवाल्याकडे वह्यांच्या गठ्ठ्यात ते पुस्तक सापडलं, पहिल्या पानावर सरांची वळणदार सही. रद्दीवाल्याने वजन करून पैसे घेतले. जन्मभर जपलेलं पुस्तक शेवटी तागडीत गेलं.

मी यातून शहाणा झालो असेन असं वाटेल तुम्हाला. छे! दोन वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षक एसटीने चार तास प्रवास करून आला आणि तेच पुस्तक पंधरा दिवसांसाठी मागितलं. मी म्हणालो, "इथे बसून वाचा." बिचारा दुपारभर टिपणं काढत बसला आणि शेवटच्या गाडीने परत गेला. तो गेल्यावर ही म्हणाली, "अगदी सरांसारखे बोललात." ते लागलं.

तेव्हा माझं मत असं झालं आहे : पुस्तक कमी छापलं गेलं की ते फार तर दुर्मिळ होतं, पण नाहीसं होतं ते आपल्यासारख्यांच्या कुलपामुळे. विकलं तर पैसेवाल्याच्या काचेच्या कपाटात जाईल. घरी ठेवलं तर रद्दीत जाईल (मुलांनो, रागावू नका, तुमचा दोष नाही). म्हणून आरमाराची सगळी पुस्तकं मी हयातीतच अलिबागकडच्या एका वाचनालयाला देतो आहे. अट एकच, ती कुलपात ठेवायची नाहीत. वाचनालयात हरवतील, वाळवी लागेल, असं पुतण्या म्हणतो. लागेलही. पण तोवर पाच-दहा जणांनी वाचलेली असतील. माझ्या कपाटात इतक्या वर्षांत ती मोजून दोघांनी वाचली, त्यातला एक मी.

ढबूंचं पुस्तक मात्र आधी त्या तरुण शिक्षकाकडे जाईल, पंधरा दिवसांसाठी. काल फोन केला त्याला. आधी त्याचा विश्वासच बसेना.

तुमच्या कपाटात काय काय आहे? जरूर कळवा.