विश्लेषण : संकेतस्थळावरील ‘टॅग’ काय मोजतात, काय नेतात?

संकेतस्थळ लहान असो वा मोठे, ते चालवणाऱ्याला एक प्रश्न पडतोच : रोज किती लोक येतात, कुठून येतात आणि काय पाहून परत जातात? याचे उत्तर देणारी साधने आज फुकट मिळतात आणि तासाभरात बसवताही येतात. मात्र ती निष्काळजीपणे बसवली, तर येणाऱ्याची खासगी माहिती तिसऱ्याच्याच हाती जाते. ही मोजणी कशी होते आणि तिची मर्यादा कुठे आखायची, याचा आढावा.

टॅग म्हणजे काय?

वेबपानात बसवलेला छोटा कोड म्हणजे टॅग. पान उघडले की तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला निरोप धाडतो : अमुक पान उघडले, मोबाइलवरून उघडले, व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून उघडले. तीच व्यक्ती पुन्हा आली हे ओळखण्यासाठी बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये ‘कुकी’ ठेवली जाते. हे तंत्र १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्माला आले. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘गूगल ॲनालिटिक्स’ सुरू केले. लिंकच्या शेवटी दिसणाऱ्या ‘यूटीएम’ खुणांमधला ‘यू’ आजही त्या अर्चिनचाच.

टॅग मॅनेजरची गरज का भासली?

पूर्वी प्रत्येक टॅगसाठी संकेतस्थळाच्या कोडला हात लावावा लागे. मोजणीचा एक, जाहिरातीचा दुसरा, चॅटचा तिसरा असे टॅग वाढत गेले आणि प्रत्येक वेळी डेव्हलपरची वाट पाहावी लागू लागली. त्यावर उपाय म्हणून टॅग मॅनेजर आले. गूगलने आपला टॅग मॅनेजर २०१२ मध्ये आणला. यात संकेतस्थळावर एकच कोड बसवायचा, त्याला ‘कंटेनर’ म्हणतात. बाकीचे टॅग डॅशबोर्डवरून जोडता वा काढता येतात.

त्याचे गणित तीन शब्दांत मावते. टॅग म्हणजे काय चालवायचे, ट्रिगर म्हणजे कधी चालवायचे आणि व्हेरिएबल म्हणजे कोणती माहिती सोबत द्यायची. समजा, रत्नागिरीचा एखादा बागायतदार हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकतो. त्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. ऑर्डरचे बटण दाबले जाणे हा ट्रिगर, ती नोंद ॲनालिटिक्सला कळवणे हा टॅग आणि पेटी किती डझनांची हे व्हेरिएबल. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरचा खर्च वसूल होतो, की व्हॉट्सॲपवरच्या जुन्या ग्राहकांवरच धंदा चालतो, हे त्याला हंगाम संपण्याआधी कळते.

बसवताना काय पाहावे?

सर्वांत नेहमीची चूक दुहेरी मोजणीची. ॲनालिटिक्सचा कोड संकेतस्थळाच्या थीममध्ये आधीच असतो आणि तोच पुन्हा टॅग मॅनेजरमधूनही जोडला जातो. मग एक भेट दोनदा मोजली जाते आणि एका रात्रीत वाचक दुप्पट झाल्याचा आनंद होतो. म्हणून नवा टॅग प्रकाशित करण्याआधी ‘प्रिव्ह्यू’मध्ये तपासणे आवश्यक. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भेटी मोजणीतून वगळणेही तितकेच महत्त्वाचे. प्रत्येक बदलाची आवृत्ती टॅग मॅनेजर जपून ठेवतो, त्यामुळे काही बिघडल्यास मागच्या आवृत्तीवर परतता येते.

दुसरी चूक अधिक गंभीर. फॉर्म भरल्यानंतर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यातच भरणाऱ्याचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल येतो आणि पानाचा पत्ता टॅगसोबत जात असल्याने तो तसाच ॲनालिटिक्सपर्यंत पोहोचतो. व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती पाठवण्यास गूगलच्या नियमांनुसारही मनाई आहे. पण ती जाऊ नये याची खबरदारी संकेतस्थळ चालवणाऱ्यानेच घ्यायची असते.

हे किती महागात पडते?

अमेरिकेतील ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने जून २०२२ मध्ये तेथील १०० नामांकित रुग्णालयांची संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ३३ ठिकाणी डॉक्टरची वेळ घेण्याचे बटण दाबताच फेसबुकच्या ‘मेटा पिक्सेल’ या टॅगद्वारे माहिती बाहेर जात होती. काही ठिकाणी डॉक्टरचे नाव आणि शोधलेला विषयही त्यात होता. पिक्सेल हा मुळात जाहिरातीचा परिणाम मोजणारा टॅग. कपड्यांच्या दुकानात तो जे करतो, तेच त्याने रुग्णालयात केले. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक नव्हे, रुग्ण होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ला अशाच माहिती-वाटपापायी १५ लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

कायदा काय सांगतो?

युरोपात अत्यावश्यक कुकी वगळता संमतीवाचून कुकी ठेवता येत नाही. जर्मनीतील हॅनोव्हरच्या प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन, टॅग मॅनेजर लोड करण्यासाठीसुद्धा आधी संमती हवी, असा निर्णय दिला.

भारतात ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा’ २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती स्पष्ट आणि विशिष्ट कारणासाठीच घ्यावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर लक्ष ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

‘कुकी स्वीकारा’ पाटी पुरेशी आहे का?

नाही. अनेक संकेतस्थळांवर ही पाटी निव्वळ शोभेची असते. वाचकाने ‘नको’ म्हणण्याआधीच टॅग धावलेले असतात, कारण त्यांचा ट्रिगर ‘सर्व पाने’ असा ठेवलेला असतो. टॅग मॅनेजरमध्ये संमतीची स्थिती सर्वांत आधी ठरवण्याची आणि तोवर टॅग रोखण्याची सोय आहे. ती वापरणे एवढेच करायचे असते. माहिती किती काळ ठेवायची हेही निवडता येते : गूगल ॲनालिटिक्सच्या मोफत आवृत्तीत वापरकर्त्याशी जोडलेली माहिती २ किंवा १४ महिने ठेवता येते. ती बाहेर जाऊच द्यायची नसेल, तर ‘मटोमो’सारखे मुक्त स्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते.

किल्ली कोणाकडे?

टॅग मॅनेजरने डेव्हलपरचा अडसर दूर केला, तसा एक पहारेकरीही दूर केला. आता कंटेनरमध्ये बदल प्रकाशित करण्याचा अधिकार असलेला कोणीही संकेतस्थळावर कोणताही कोड चालवू शकतो. जाहिरात संस्थेचा करार संपतो, पण तिचा प्रवेश तसाच राहतो. मोहीम संपते, टॅग मात्र माहिती पाठवतच राहतो. पतसंस्था, शाळा, रुग्णालय किंवा नगरपालिका यांच्या संकेतस्थळांबाबत ही हयगय परवडणारी नाही, कारण तिथे लोक हौसेने नव्हे, गरजेने येतात.

म्हणून प्रत्येक टॅगपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : तो कोणी बसवला, कशासाठी बसवला आणि कधी काढायचा. दर तिमाहीला ही यादी तपासावी आणि ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही तो टॅग त्याच दिवशी काढावा. दुकानात किती माणसे आली हे मोजण्याचा हक्क दुकानदाराला आहे. प्रत्येकाच्या पिशवीत डोकावण्याचा मात्र नाही.