फाल्गुनातला फास

पक्षी दरवर्षी मरतातच, मग चार आपण खाल्ले तर काय बिघडलं? पेण-रोह्याच्या डोंगरातल्या चोरट्या शिकारीचं समर्थन बहुधा असंच केलं जातं, आणि ते नुसतं हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिकेत पॉल एरिंग्टन यांनी १९३०च्या दशकात बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांवर काम करून असंच काहीसं मांडलं होतं: हिवाळ्यात रान जितक्यांना आसरा देऊ शकतं, त्याहून जास्त पक्षी असतील तर वरचे कोणाच्या तरी तोंडी जातातच; त्यातले काही शिकाऱ्याने नेले तरी पुढच्या विणीला उरणाऱ्या पक्ष्यांत फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमधल्या रेड ग्राऊसची संख्या काही वर्षांच्या अंतराने चढते आणि कोसळते. पीटर हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांना जंतांचं औषध दिलं, तेव्हा ही घसरण बरीच आटोक्यात आली. म्हणजे संख्या घटली की दोष दर वेळी बंदुकीचाच असतो, असं नाही.

पण एरिंग्टन यांचा हा हिशेब विणीनंतरच्या, पिल्लांनी वाढलेल्या थव्यांचा आहे. आपल्याकडे राखी रानकोंबडीची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते मे. झुडपाच्या बुडाशी उथळ खळगा, त्यात वाळका पाला, चार ते सात अंडी आणि त्यांवर तीनेक आठवडे एकटी बसलेली मादी. तांबडी चकोत्रीही याच सुमारास जमिनीवर अंडी घालते. नेमके तेव्हाच ओढे आटतात, उरलेल्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर फासकी लावणं सोपं होतं, शिमग्याच्या पारधीची जुनी रीत आठवते आणि डोंगरांना वणवे लागतात. हिवाळ्यातून तगलेली मादी मार्चमध्ये फासात अडकली, तर तिच्याबरोबर अख्खी वीण जाते, आणि ती तूट भरून काढायला मागे वरकड पक्षी उरलेले नसतात. त्यात कारवी फसवते. सात-आठ वर्षांनी तिचं बी पडलं की आसपासचे रानकोंबडे तिथे गोळा होतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, यंदा पक्षी चिक्कार आहेत.

शिकाऱ्यांमुळेच रानं टिकली, फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, असं कोणी म्हणेल. खरं आहे, पण ते टिकलं ते इतरांना तिथे मज्जाव होता म्हणून. १९८६ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. कायदा आहेच की, असंही म्हणतील. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यावर शिकारीला वाव होता, तो १९९१च्या दुरुस्तीने बंद झाला. अंडी फोडणं, घरट्याला त्रास देणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. तरी फासाची तार दिसत नाही आणि आवाजही करत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप कातकऱ्यांच्या पोटाचा आहे. ज्याला रोजगार नाही त्याच्या ताटातल्या लाव्यावर आधी बोट ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, विशेषतः पैसे मोजून रानकोंबडी मागवणारा मोकळा सुटत असताना. २००६चा वनहक्क कायदा शिकारीचा हक्क देत नाही, पण वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. तेव्हा फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पाणवठ्यांवरचे फास शोधून काढणं आणि जाळरेषा राखणं ही कामं वनविभागाने ग्रामसभांमार्फत कातकरी-ठाकर वाड्यांना पक्क्या रोजावर द्यावीत, आणि पहिला गुन्हा गिऱ्हाइकावर नोंदवावा.