सर्वसाधारण रहिवासी

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडला जातो, आपल्याकडे राज्यपालाची राष्ट्रपतींकडून नेमणूक होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा फरक एका ओळीत संपतो. तिकडच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांविषयी जे लिहिले जाते त्यात एक शब्द मात्र हटकून भेटतो : उपनगरी मतदार. व्हर्जिनियाचे उदाहरण घ्या. वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स आणि लाउडन या काउंट्या कोणत्या बाजूला आणि किती झुकतात, यावर त्या राज्याचा निकाल बराचसा ठरतो. नोव्हेंबर 2025 मध्ये तेथे ॲबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदी निवडून आल्या. त्यांच्याबरोबर उपगव्हर्नरपदी निवडून आलेल्या गझाला हाश्मी या साहित्याच्या प्राध्यापक; 2019 साली त्या रिचमंडच्या उपनगरी मतदारसंघातून राज्याच्या सिनेटवर गेल्या होत्या. त्यांचा जन्म हैदराबादचा. ज्या निजामी संस्थानाची ही राजधानी, त्यातच आपला धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्हा 1948 पर्यंत होता. योगायोगाला यापेक्षा अधिक अर्थ देण्याचे कारण नाही. पण साहित्याच्या प्राध्यापकांना निवडणुकीचे वावडे असते, हा आपल्याकडचा समज तेवढ्यापुरता बाजूला ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या लढतीची जागा मुख्यमंत्रिपदाची लढत घेते. तीही थेट नसते. 288 मतदारसंघांतून ती तुकड्या-तुकड्यांनी लढली जाते, आणि म्हणूनच मतदारसंघाच्या सीमा कोठे आखल्या हा प्रश्न उमेदवार कोण या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. 2001 च्या जनगणनेच्या आधारे 2008 मध्ये या सीमा नव्याने आखल्या गेल्या. एकूण आकडा 288 च राहिला, त्यामुळे एकाची वाढ ही दुसऱ्याची घट होणे अटळ होते. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा 13 वरून 24 झाल्या. पुणे जिल्ह्याच्या 18 च्या 21 झाल्या. मुंबईत शहर जिल्ह्याकडे 10 आणि उपनगर जिल्ह्याकडे 26 जागा आल्या. आपल्या जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा आणि कळंब असे पाच मतदारसंघ होते. त्यांतला कळंब नकाशावरून पुसला गेला आणि त्याचा भाग शेजारच्या मतदारसंघांत विरघळला.

या फेरआखणीचा पहिला परिणाम 2009 च्या विधानसभा निवडणुकीत दिसला. नव्याने उतरलेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने 13 जागा जिंकल्या, त्या प्रामुख्याने मुंबई, ठाणे, नाशिक या पट्ट्यातल्या. पुण्याच्या कडेचा खडकवासलाही त्यांत होता. याहून अधिक जागांवर तिने युतीची मते फोडली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस मिळून 144 पर्यंत पोचले आणि मराठवाड्यातील भोकरचे अशोक चव्हाण मुख्यमंत्रिपदी कायम राहिले. म्हणजे मराठवाड्याचा मुख्यमंत्री टिकला, तो बऱ्याच अंशी भांडुप-डोंबिवलीकडच्या मतदाराने आपले मत कोठे टाकले त्यामुळे. पुढे 2022 मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांचा कोपरी-पाचपाखाडी हा मतदारसंघ 2008 च्या फेरआखणीतून जन्मलेला. त्यांचे गाव सातारा जिल्ह्यातील दरे, राजकारण ठाण्याचे. मला हा तपशील कोणत्याही पक्षनिष्ठेच्या पलीकडे महत्त्वाचा वाटतो. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था या शिडीने मुख्यमंत्रिपदाकडे जाणारी जी वाट आपण तीन-चार दशके गृहीत धरली होती, तिला समांतर अशी दुसरी वाट शाखा, नगरपालिका आणि लोकलच्या फलाटावरून तयार झाली आहे.

आता कल्याणकडे वळू. 2009 पासून तेथे एका मतदारसंघाचे अधिकृत नाव ‘कल्याण ग्रामीण’ आहे. त्यात दिवा आहे, डोंबिवलीच्या कडेची दाट वस्ती आहे, पलावासारखी उंच इमारतींची अख्खी वसाहत आहे. ‘ग्रामीण’ हे विशेषण आपल्या समीक्षेने इतक्या गांभीर्याने वापरले, आनंद यादवांपासून त्याच्या व्याख्येवर इतके लिहिले गेले, विद्यापीठांतून त्यावर इतके प्रबंध झाले, की निवडणूक आयोगाच्या यादीतला हा शब्द एखाद्या अभ्यासकाला खटकायला हवा होता. तो खटकला नाही, कारण आपल्या वर्गीकरणात या माणसाला खणच नाही. ग्रामीण, दलित, नागर, महानगरी असे कप्पे आपण केले. चाळ, झोपडपट्टी, गिरणगाव यांवर मराठीत थोर लेखन झाले. गावातल्या शेतीच्या विध्वंसावरही झाले. आपल्याच कळंब तालुक्यातील हासेगावच्या भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा बाजारात भाव न मिळालेल्या टोमॅटोंची आहे, आणि शाळेच्या पुस्तकातून ती पिढ्यांनी वाचली. पण तो टोमॅटो तुडवून झाल्यावर त्या घरातला पोरगा कोठे जातो? तो भोसरीला जातो, चाकणला जातो, वाघोलीला जातो. तेथे दोन खोल्या भाड्याने घेतो, दहा वर्षांनी गुंठेवारीत एक घर बांधतो. त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध आपल्या साहित्यात फार विरळ आहे. मराठी कादंबरीतला नायक गाव सोडतो तेव्हा बहुतेकदा कादंबरीही संपते.

साहित्य मागे राहिले, राजकारण मात्र या माणसाला केव्हाच ओळखून आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठवाड्यातून आलेल्यांची वस्ती मोठी आहे आणि तेथील प्रत्येक पक्ष ती जाणतो. पूर्वी हवेली या एका अवाढव्य मतदारसंघात मावणारा हा भाग फेरआखणीत चिंचवड आणि भोसरी अशा मतदारसंघांत विभागला गेला, तरी एकट्या चिंचवडची मतदारसंख्या 2024 मध्ये साडेसहा लाखांच्या वर होती. उमरग्याची तीन लाखांच्या थोडी पुढे. म्हणजे उमरग्यातील एका मताचे वजन चिंचवडमधील दोन मतांइतके. आपल्या जिल्ह्यावर अन्याय झाला असे म्हणणाऱ्यांनी हा आकडाही समोर ठेवावा. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मानायचे असेल तर उपनगरांच्या जागा वाढणे योग्यच होते, आणि पुढची आखणी होईल तेव्हा त्या आणखी वाढणेही योग्यच असेल. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 16 लाख 57 हजारांचा होता, त्यात नागरी लोकसंख्या 17 टक्क्यांच्या आसपास. अखंड ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांचा. कळंबची जागा कोणी चोरली नाही. ती ज्यांची होती त्यांच्यातले अनेक स्वतःच तेथून निघाले होते.

तरीही काही हरवले आहे, आणि ते नेमके काय हे सांगण्यासाठी कायद्यातील एका शब्दप्रयोगाकडे पाहावे लागेल. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदारयादीत नाव येण्यासाठी माणूस त्या मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. केवळ घर मालकीचे आहे म्हणून तो तेथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी असणे संपतही नाही. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. वाचायला हे सरळ आहे. पण भूम-परंड्याच्या माणसाच्या आयुष्याला ते लावून पाहा. ‘तात्पुरता’ म्हणजे किती? एक गाळप हंगाम? मुलीचे शिक्षण होईपर्यंत? म्हातारी जिवंत आहे तोवर? ऊसतोड कामगाराचे घर सहा महिने फडावर असते. 2024 चे मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे नेमके गाळप हंगामाच्या तोंडावर होते. ज्याची जमीन वाशी तालुक्यात, नोकरी रांजणगावात आणि लग्नकार्य येडशीत, तो सर्वसाधारणपणे कोठला? या प्रश्नाचे उत्तर कायद्याला एका रकान्यात हवे असते. माणसापाशी ते तसे नसते. ग्रामपंचायतीला तो गाड्या भरून गावी येतो, कारण तेथे भावकी असते. विधानसभेला त्याचे नाव गावात राहिले तर उपनगरात तो मुका, आणि उपनगरात गेले तर गावातला बांध मुका.

मत माणसाबरोबर जाते, पाण्याचा प्रश्न मात्र जमिनीपाशीच राहतो. कृष्णा खोऱ्यातील पाणी मराठवाड्यात आणण्याची मागणी वर्षानुवर्षे रखडते, तेव्हा त्यासाठी बोलायला जिल्ह्यातून चार आमदार असतात. 2024 मध्ये तेही दोन इकडे, दोन तिकडे असे निवडून आले : तुळजापूर आणि परंडा सत्ताधारी बाजूला, उमरगा आणि उस्मानाबाद विरोधात. (जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले, विधानसभा मतदारसंघ 2024 मध्येही उस्मानाबादच होता. सरकारी कागदही दोन गावांचा रहिवासी असू शकतो.)

अशा जिल्ह्यांची बाजू संख्याबळावर तोलली जाणार नाही हे घटनाकारांच्या नंतरच्या पिढीने ओळखले होते. कलम 371 च्या दुसऱ्या उपकलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजून दाखवला, मंडळे आली 1994 मध्ये, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. ज्याला कोणी मत देत नाही अशा पदावर मराठवाड्याच्या न्यायाचा भार टाकला गेला, कारण मते ज्याला निवडतात त्याच्यावर तो टाकून भागेल अशी खात्री नव्हती. मुदत संपली तेव्हा त्यावर मोठा जनक्षोभ झाल्याचे कोणाला आठवणार नाही. ज्यांनी तो करायचा त्यांच्यातले निम्मे तोवर दुसऱ्या मतदारसंघांत राहायला गेले होते, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

उपनगरी मतदार म्हणजे उड्डाणपूल, मेट्रो आणि पाण्याचा दाब यांपलीकडे न पाहणारा ग्राहक, असे चित्र वृत्तपत्रे रंगवतात. वसईचा दाखला त्याच्या विरुद्ध आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे हरित वसईची चळवळ उभी राहिली ती बांधकामांच्या आणि पाण्याच्या उपशाच्या विरोधात. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा गावे तिच्यात घालण्यास विरोध झाला आणि त्याच वर्षी त्या आंदोलनाचे विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून विधानसभेवर गेले. महानगराच्या उंबऱ्यावरच्या मतदाराने गाव, विहीर आणि वाडी यांच्यासाठी मत दिले होते. या चळवळीचे एक नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवरून धर्माचा वाद पुष्कळ रंगला. वसईची आटणारी विहीर आणि उस्मानाबादचा टँकर एकाच मांडवात आले आहेत, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही.

भोसरीतील कळंबकर उद्या आपल्या उमेदवाराला रस्त्याबरोबर मांजरा खोऱ्याविषयीही विचारू लागला, तर त्याला ‘बाहेरचा’ म्हणणे कठीण जाईल आणि कळंबला गेलेली जागा वेगळ्या रूपाने परत मिळेल. तो आज विचारत नाही, कारण एका माणसाने दोन ठिकाणांविषयी एकाच वेळी बोलण्याची भाषा त्याच्यापाशी नाही. प्रचारसभेत नाही, आणि त्याच्या मुलीला पदवीच्या वर्गात आपण जी मराठी कथा शिकवतो तीतही नाही. यांतले दुसरे काम तरी आपल्या हातचे आहे. पुढची जनगणना आणि तिच्या मागून येणारी आखणी त्यासाठी थांबणार नाही.