सहलीची खुर्ची

सायकलीवर तंबू, अंथरूण व शिधा बांधून दोनचार दिवसांच्या प्रवासास निघण्याची हौस अलीकडे आपल्या विद्यार्थ्यांत वाढत आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. स्वतःच्या पायांच्या बळावर पाहिलेला मुलूख मोटारींतून पाहिलेल्या मुलखापेक्षां अधिक दिवस ध्यानांत राहतो, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. या वर्षीं सहलीच्या सामानाची यादी घरोघर गेली, तेव्हां अनेक पालकांनीं मला एकच प्रश्न विचारला. मुलाला बरोबर नेण्यासारखी हलकी, घडीची खुर्ची घेऊन द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणती? प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु त्याचें उत्तर शोधतांना मला स्वतःच्या वर्तनाचाहि विचार करावा लागला. म्हणून तें उत्तर येथें सर्वांसमोर मांडीत आहें.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. सहलींत खुर्ची नेणें म्हणजे निव्वळ चैन, असें कित्येक जुन्या मताचे गृहस्थ म्हणतात. मला तें मान्य नाहीं. दिवसभर हँडलवर वाकून सायकल चालविल्यावर पाठ टेकावयास मिळणें हा खरा विसांवा आहे, आणि विसांव्यावांचून दुसऱ्या दिवसाचा प्रवास नीट होत नाहीं. मुक्कामावर नेण्याच्या खुर्चीचा विचार शहाण्या माणसांनीं पूर्वींपासून केलेला आहे. इंग्लंडांत जोसेफ फेन्बी नांवाच्या गृहस्थानें १८७७ सालीं लांकडी दांडे व कापड यांच्या घडीच्या खुर्चीचें पेटंट घेतलें. आपल्या देशांत रुरकी येथील लष्करी इंजिनियरांत १८९८ च्या सुमारास जी खुर्ची निघाली, ती तर फारच विचारपूर्वक केलेली होती. तिला खिळा नव्हता कीं सरस नव्हता. आडवे दांडे पायांच्या भोंकांत नुसते बसवावयाचे, आणि बसणाऱ्याच्या भारानें व पट्ट्यांच्या ताणानें सगळा सांगाडा आपोआप घट्ट व्हावयाचा. सांधे किंचित् सैल असल्यामुळें उंचसखल जमिनीवरहि तिचे चारही पाय टेकत. डेन्मार्कांतील प्रसिद्ध रचनाकार कोरे क्लिंट यानें १९३३ सालीं त्याच धर्तीवर आपली सफारी खुर्ची बनविली.

परंतु लष्करी छावणीच्या त्या खुर्चींत बसणारा साहेब निराळा आणि तिचें ओझें वाहणारा माणूस किंवा जनावर निराळें. सायकलीच्या प्रवासांत बसणारा व वाहणारा एकच असतो. निदान असावयास हवा. एवढें एक तत्त्व ध्यानांत ठेवलें, म्हणजे निवडीचे बाकीचे नियम आपोआप सुचतात.

आज मिळणाऱ्या बैठकांचे ढोबळ मानानें चार वर्ग करतां येतील. पहिला वर्ग फोमच्या घडीच्या आसनाचा. त्याचें वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतें; तें मोडत नाहीं, भिजलें तरी झटकून कोरडें होतें, आणि किंमतहि बेताची असते. दुसरा वर्ग पाय नसलेल्या, पण पाठ असलेल्या बैठकीचा. यांत फोमच्या दोन पाट्या बाजूच्या पट्ट्यांनीं जोडलेल्या असतात, आणि आपल्याच भारानें आपल्या पाठीस आधार मिळतो. अमेरिकेंतील क्रेझी क्रीक या कंपनीनें १९८७ पासून ही बैठक लोकप्रिय केली. तिसरा वर्ग तीन पायांच्या तिपाईचा. ही लहान खरी, पण तिला पाठ नाहीं, म्हणजे जो विसांवा हवा तोच ती देत नाहीं. चौथा वर्ग अल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्चीचा. तंबूच्या काठ्यांप्रमाणें या नळ्यांतून लवचिक दोरी ओंवलेली असते. नळ्या जोडून वर कापड ताणलें कीं खुर्ची तयार होते. कोरियांतील हेलिनॉक्स कंपनीची ‘चेअर वन’ ही अशी खुर्ची सुमारें एक किलो भरते, आणि तिचीच ‘चेअर झीरो’ अवघी अर्धा किलो भरते. तरी ती १२० किलोपर्यंतचा भार सोसते. लोखंडाची घनता सुमारें ७·८ तर अल्युमिनियमची २·७, हें पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेलें येथें प्रत्यक्ष उपयोगी पडलेलें दिसतें. बाजारांत स्वस्त मिळणारी लोखंडी नळ्यांची, हात असलेली खुर्ची मात्र कित्येक किलो भरते. ती मोटारीच्या डिकीसाठीं आहे, सायकलीसाठीं नव्हे.

आतां वजनासंबंधानें विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. एक किलोची खुर्ची घेऊन ६०० मीटर उंचीचा घाट चढावयाचा आहे. लागणारें अधिक कार्य १ × ९·८ × ६०० = ५८८० जूल. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नांतील शक्तीपैकीं सुमारें चौथा भागच कामीं लावतात. तेव्हां अन्न लागेल २३,५२० जुलांचें, म्हणजे साधारण साडेपांच किलोकॅलरींचें. एका केळ्याच्या विसाव्या भागाच्या आसपास! नुसत्या वजनाचा इतका बाऊ करण्याचें कारण नाहीं, हें यावरून दिसेल. पण दोन गोष्टी या गणितांत येत नाहींत. पहिली अशी कीं, ‘एकच किलो तर आहे’ हें वाक्य खुर्चीविषयीं बोललें जातें, तसेंच दुसऱ्या बुटांविषयीं, गाणीं ऐकण्याच्या पेटीविषयीं आणि जाड पुस्तकाविषयींहि बोललें जातें. दुसरी गोष्ट जागेची. अर्ध्या किलोच्या खुर्चीची घडीसुद्धां सुमारें ३५ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर जाड असते. सायकलीच्या सांगाड्यांतील त्रिकोणी पिशवींत ती मावत नाहीं. हँडलवर बांधली तर ब्रेकच्या तारांस अडते. बैठकीमागें लोंबती ठेवली तर चढावर उभें राहून पायडल मारतांना सायकल हेलकावे खाते. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या पिशवीचें माप घ्यावें, आणि खुर्ची ठेवल्यावर काय बाहेर राहील, तें पाहावें.

पायांविषयींचा धडा मी फार उशिरां शिकलों. गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही दोघे शिक्षक व बारा विद्यार्थी दापोलीहून सायकलींनीं निघालों, दाभोळची खाडी तरीनें ओलांडून धोपाव्यास उतरलों, आणि सायंकाळीं गुहागरास पोहोंचलों. एका ओळखीच्या गृहस्थांच्या वाडींत आम्ही तंबू ठोकले, व जेवणानंतर किनाऱ्यावरील वाळूंत कोंडाळें करून बसलों. मीं माझी नवी खुर्ची मोठ्या कौतुकानें उघडली, तिच्यांत बसलों, आणि तिचे मागचे पाय वाळूंत रुतून क्षणांत उताणा पडलों. मुलें पोट धरधरून हंसलीं, मीहि हंसलों.

कारण उघड आहे. खुर्चीच्या एका पायाचें टोक सुमारें तीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. चार पायांचें अठ्ठावीस. साठ किलोच्या माणसाचा भार त्यावर पडला कीं दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून अधिक भार होतो. तोच माणूस उभा असतां त्याच्या तळव्यांखालीं याहून पुष्कळच कमी पडतो. माझ्यासारखा मागें रेलला तर मागच्या दोन पायांवर त्याहूनहि अधिक. जवळच बसलेल्या मुलांनीं मात्र जुन्या टेनिसच्या चेंडूंना चीर पाडून ते खुर्चीच्या पायांत घातले होते. त्यामुळें टेकण्याची जागा चारपांच पट झाली होती, आणि त्यांच्या खुर्च्या वाळूवर ताठ उभ्या होत्या. गुरूनें शिकविलेलें शिष्यांनीं वापरलें आणि गुरु विसरला, असा हा प्रकार!

खुर्ची विकत घ्यावयाचीच असेल, तर दुकानांत तींत किमान दहा मिनिटें बसावें, आणि मग हात न टेकतां उठून पाहावें. हलक्या खुर्च्या फारशा उंच नसतात. तरुणाला त्या सोयीच्या, पण गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांस त्यांतून उठणें हा व्यायामच होतो. नळ्यांच्या सांध्यांशीं व कापडाच्या कोपऱ्यांतील शिवणीशीं विशेष लक्ष द्यावें, कारण खुर्ची मोडते ती बहुधा तेथेंच. एखादी नळी वांकली तर तेवढीच सुटी मिळेल काय, हें विचारून ठेवावें. कापड कृत्रिम धाग्याचें असतें. शेकोटीची एक ठिणगी त्यास भोंक पाडावयास पुरते. आणि पहिल्या दोनतीन सहली फोमच्या आसनावर काढाव्या. त्यानंतरहि पाठ टेकण्याची उणीव खरोखरच भासली, तर खुर्ची घ्यावी. शेजारच्या मुलानें घेतली म्हणून घेऊं नये.

परंतु त्या सायंकाळीं पडल्यामुळें मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठींच आहे. खुर्ची बाजूस ठेवून मी वाळूंतच बसलों. तेथून पाहतां आमचें कोंडाळें सारखें नव्हतें. सात मुलें खुर्च्यांवर होतीं, पांच खालीं होतीं, आणि गप्पा वरच्या वर चालल्या होत्या. खालच्यांपैकीं एक मुलगा मुकाट्यानें गुडघे चोळीत बसला होता.

“काय रे, फार दमलास?” मीं विचारलें.

“नाहीं सर,” तो म्हणाला, “पातेलीं जड होतीं.”

सकाळीं निघतांना पातेलीं, तांदूळ, डाळ व स्टोव्ह हें सामाईक सामान आम्ही सर्वांत सारखें वांटलें होतें. दाभोळच्या धक्क्यावर तरीची वाट पाहत असतां मुलांनीं बांधाबांध पुन्हा केली होती. खुर्च्या नेणाऱ्यांच्या सायकलींवर जागा अपुरी पडत होती. म्हणून त्यांनीं आपला वांटा, ज्यांच्याकडे जागा होती त्यांच्याकडे दिला. जागा कोणाकडे होती? ज्यांच्या घरीं खुर्ची घेणें परवडलें नव्हतें, त्यांच्याकडे. कोणीं दांडगाई केली नव्हती. घेणाऱ्यांनींहि नाहीं म्हटलें नव्हतें. आणि मीं हें पाहूनहि पाहिलें नव्हतें, कारण माझ्याहि कॅरियरवर एक खुर्ची बांधलेली होती. बसणारा निराळा आणि वाहणारा निराळा, ही छावणीची जुनी रीत आम्ही नकळत गुहागरच्या वाळूंत पुन्हा आणली होती.

म्हणून माझें मत असें आहे कीं, शाळेच्या सहलीस कोणींहि स्वतःची खुर्ची आणूं नये, शिक्षकांनींहि नाहीं. प्रत्येकानें फोमचें आसन आणावें. शाळेनें दोन खुर्च्या ठेवाव्या, त्या सामाईक सामानांत धराव्या, त्यांचें ओझें पाळीपाळीनें वाहावें, आणि ज्याची पाठ किंवा पाय त्या दिवशीं दुखत असतील त्यानें तींत बसावें. ज्या मुलास प्रकृतीमुळें रोजच आधार लागतो, त्याची गोष्ट अर्थात् वेगळी. त्याची खुर्ची हें सर्वांचें काम समजावें.

यावर एका पालकांनीं मला विचारलें, “माझा मुलगा आपली खुर्ची आपण वाहतो, त्यांत दुसऱ्याचें काय गेलें?” प्रश्न रास्त आहे, आणि कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या सहलींत मीहि हेंच म्हणेन. परंतु सहलींतील सायकलीवरची जागा ही एकट्याची नसते. सर्वांचा भात ज्या पातेल्यांत शिजावयाचा, तेंहि कोठें तरी बांधावें लागतें. आपली खुर्ची आपण वाहिली, एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. आपल्या वांट्याचें पातेलेंहि आपण वाहिलें काय, हें पाहावें लागतें.

येत्या सहलीस मी माझी खुर्ची घरीं ठेवणार आहें, आणि मोठें पातेलें दापोलीपासून गुहागरापर्यंत माझ्या सायकलीवर राहील. घाटावर मी मागें पडलों, तर विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें, एवढीच विनंति आहे.